दऱ्या, दर्या आणि एक अडलेलं अपडेट

लग्न होऊन मी सांगलीकडून बोईसरला आले तेव्हा आमच्या इमारतीत एक घर जळगावचं होतं, एक साताऱ्याचं, आणि तळमजल्यावर बिहारचे दोघे भाऊ राहत. प्रत्येक घरातलं एक माणूस तरी तारापूरच्या कारखान्यांत कामाला. माझा नवरा एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात होता, अजूनही आहे. मी बी.एस्सी. झालेली. मला काम मिळालं ते बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दशक्रियेचे निरोप, सगळं मी टाइप करायची.

तेव्हा मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये चालायचं. त्या फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर 'क' दिसला तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो 'क' नसायचाच. आत कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे तीच फाइल उघडली की डॉलर, कंस आणि टिंबं. पुढे सगळीकडे युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच दिसणारी अक्षरं, आणि लोक जुन्या सीड्या घेऊन दुकानात येऊ लागले. "बाई, यातलं काहीच वाचता येत नाय," म्हणायचे. शेठ मला सांगायचे, पुन्हा टाइप कर. पानंच्या पानं पुन्हा टाइप करून मी कंटाळले आणि थोडंफार प्रोग्रामिंग शिकून, जुन्या अक्षरांवरून खरी मराठी अक्षरं काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला.

तो चालायला लागल्यावर वाटलं, ही अडचण काही एकट्या बोईसरची नाही. मी तो कोडसकट इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, चुकलं तर सांगावं. याला ओपन सोर्स म्हणतात, आणि असं ठेवलेल्या प्रोग्रॅमला पॅकेज. मला तेव्हा वाटलं होतं, ठेवला म्हणजे काम संपलं. प्रत्यक्षात कामाला सुरुवात तिथून झाली. कोल्हापूरहून कुणी लिहायचं, जोडाक्षरं तुटतात. गोव्याहून कुणी विचारायचं, आमचा फॉन्ट वेगळा आहे, तोही जमवाल का. पुढे मी दुकान सोडून एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला लागले. तिथे दिवसभर "मॅडम, ये खुल नहीं रहा" ऐकायचं आणि रविवारी सकाळी घरी बसून जगभरच्या मराठी माणसांचं 'उघडत नाही' वाचायचं.

माझं पॅकेजही एकटं उभं नव्हतं. मजकुरातला कचरा साफ करण्यासाठी मी दुसऱ्या एका माणसाचं पॅकेज वापरत होते. तो माणूस दूरच्या देशातला. त्याला मी कधी पाहिलं नाही, त्याची भाषाही मला येत नाही. तोही नोकरी सांभाळून, फुकट, हे काम करत होता. त्याने काही बदललं की माझ्याकडे सूचना यायची: नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा. माझी पद्धत अशी, की पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. काय बदललंय ते आधी वाचायचं, जुन्या फाइलींवर चालवून बघायचं, मग ओळखीच्या दोघातिघांना वापरायला द्यायचं. त्यांनी ठीक म्हटलं की सगळ्यांसाठी सोडायचं. कोड बदलायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो, बदलावा की थांबावं हे ठरवायला.

त्या ओळखीच्यांमध्ये जवळच्या मुरबे गावचे एक निवृत्त गुरुजी होते. दुकानाच्या शेठकडून माझा नंबर मिळवून त्यांनी एकदा फोन केला.

"ताई, माझी नजर गेलीय. काचबिंदू. फोन मला वाचून दाखवतो. पण माझ्याच अंकाच्या फाइली लावल्या, तर 'डॉलर, कंस, कंस' म्हणतो. तुमच्याकडे काही औषध हाय का?"

पुढच्या रविवारी मी गेले. घर किनाऱ्यापासून जवळ, रस्त्याच्या कडेला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. गुरुजी अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांच्या बायकोने मला आत नेलं. "बस गो. चाय ठेवते. हे कालपास्नं तुजी वाट बगतात," ती म्हणाली.

गुरुजी मच्छीमारांच्या घरातले, पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जव्हारकडच्या डोंगरातल्या शाळांत काढली होती. सुट्टीत घरी आले की गावच्या वाचनालयाचा वार्षिक अंक काढायचे. त्यात दर्यावर जाणाऱ्यांच्या आठवणी असायच्या, म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेली गाणी असायची. आणि दर वर्षी गुरुजींचा स्वतःचा एक लेख, पाड्यावरच्या मुलांबद्दल. भात कापून झालं की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी, आणि पावसाच्या तोंडावर परत येऊन विसरलेली बाराखडी नव्याने गिरवणारी मुलं. छापलेले अंक बहुतेक वाळवीने खाल्ले होते. राहिल्या होत्या त्या सीड्या.

मी लॅपटॉपवर एक अंक रूपांतरित केला आणि त्यांच्या फोनवर पाठवला. फोन वाचू लागला. गावातल्या एका बाईने सांगितलेली होडी चुकल्याची हकिगत होती. नवऱ्याची होडी वादळात भरकटून दुसऱ्या बंदराला लागली आणि घरी सगळे रडून बसलेले असताना तो चालत दारात आला, अशी. ती बाई आता हयात नव्हती. फोनचा आवाज यांत्रिक होता, कुठेही थांबत होता, पण गुरुजींची बायको चहाचा कप हातात तसाच धरून दारात उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "तशीच बोलायची ती. अगदी तशीच."

गुरुजींनी फोन चाचपून पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्या दिवसापासून गुरुजी माझ्या पॅकेजचे पहिले परीक्षक झाले. नवी आवृत्ती तयार झाली की आधी त्यांचे अंक रूपांतरित करून पाठवायचे. मी डोळ्यांनी पाहते, आणि डोळा सवयीने चूक दुरुस्त करून वाचतो. गुरुजी ऐकायचे.

त्यानंतर ते अपडेट आलं. दूर देशातल्या त्या माणसाने कळवलं होतं, की त्याच्या पॅकेजमध्ये एक धोकादायक फट सापडली आहे. मजकुरात न दिसणारी चिन्हं असतात, अक्षरं जोडायला किंवा तोडायला वापरतात ती. त्यांच्या आडून कुणी लबाडी करू शकतं. माणसाला एक दिसतं आणि कॉम्प्युटर दुसरंच वाचतो. म्हणून नव्या आवृत्तीत त्याने सगळी अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकली होती. सूचना लाल अक्षरांत होती, सर्वांनी ताबडतोब अपडेट करावं.

मी चाचण्या चालवल्या. सगळ्या पास झाल्या. गुरुजींना त्यांचा एक अंक नव्या आवृत्तीतून काढून पाठवला आणि कामावर गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"ताई, माझी पाड्यावरची पोरं आज समुद्र ओलांडून शाळेत आली."

मला कळेना. ते हसत होते.

"मी लिहिलं होतं, 'दऱ्या उतरून मुलं शाळेत येत.' फोन म्हणतो, 'दर्या उतरून.' दोनदा लावून बघितलं. आणि पुढे 'किनाऱ्यावर'चं पण काहीतरी भलतंच केलंय."

मी डबा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. गुरुजींचं बरोबर होतं. मराठीत दोन प्रकारचे अर्धे 'र' आहेत. 'दर्या'त तो रफार होऊन डोक्यावर चढतो, 'दऱ्या'त आडवा होऊन 'य'ला बिलगतो. हा आडवा 'र' लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत 'र' आणि 'य' यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह असतं. माझं पॅकेज तीच पद्धत वापरत होतं. नव्या आवृत्तीने ते चिन्ह झाडून टाकलं आणि सगळ्या दऱ्यांचा समुद्र झाला. माझ्या चाचण्यांत तसा एकही शब्द नव्हता.

हा 'र' लिहायची दुसरी एक पद्धत आहे, जिला अदृश्य चिन्ह लागत नाही. मी ती करून पाहिली. गुरुजींचा फोन नीट वाचू लागला. पण काही वाचनालयांतल्या जुन्या मशीनवर 'र'खाली एक टिंब दिसू लागलं आणि आधीच्या फाइलींतले शब्द शोधले तर सापडेनात. म्हणजे तो रस्ता सगळ्यांसाठी नव्हता.

मी त्या माणसाला लिहिलं. नव्या आवृत्तीने मराठी शब्द मोडतात, हे चिन्ह तरी ठेवा. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. हा बिघाड नाही, हे मुद्दाम केलं आहे. अदृश्य चिन्हं धोक्याची आहेत. आणि खाली त्याने माझी तक्रार बंद करून टाकली होती.

मला राग आला. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी तेच बोलत होते.

"त्याला वाटतं मराठी म्हणजे कचरा. काढून टाकला."

"त्याला मराठी म्हणजे काय हेच माहीत नसेल," नवरा म्हणाला. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला. "पण अगं, फट खरी आहे की नाही?"

"आहे."

"मग नुसतं थांबून कसं चालेल? आमच्याकडे सील गळतंय म्हटल्यावर पंप तसाच चालू ठेवत नाहीत. पण भलत्या मापाचं सील बसवून मोकळेही होत नाहीत. तोवर काय करता येतं ते बघ ना."

तोवर काय करायचं, यावर मी बराच विचार केला. ती फट कुणाला खरोखर बाधणार होती? इंटरनेटवरून अनोळखी माणसांचा मजकूर घेणाऱ्यांना. घरच्या जुन्या सीड्यांवर काम करणाऱ्यांना तिचा धोका नव्हता. म्हणून मी दोन आवृत्त्या ठेवल्या आणि पॅकेजच्या पहिल्याच पानावर सरळ लिहिलं: तुम्ही बाहेरच्यांचा मजकूर घेत असाल तर नवी आवृत्ती घ्या, पण तिच्यात आडवा 'र' मोडेल. तुमच्याच जुन्या फाइली असतील तर तूर्त जुनीवरच थांबा. कारण अमुक. यावर काम चालू आहे.

लोकांना हे आवडलं नाही. लोकांना 'अपडेट करा' किंवा 'करू नका' असं एक उत्तर हवं असतं. सगळ्यांत कडक पत्र विदर्भातल्या एका वाचनालयातून आलं. तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं: सुरक्षेच्या नियमामुळे आमच्या कार्यालयाला जुनी आवृत्ती चालत नाही. नवी घेतली तर 'वऱ्हाड' शब्द मोडतो. आमच्या प्रांताचं नावच धड येत नसेल तर तुमचं पॅकेज आम्ही कशाला वापरायचं?

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी लिहिलं, तुमच्याकडे आणखी कोणकोणते शब्द मोडतात ते कळवाल का? मला चाचण्यांसाठी हवेत. त्यावर बरेच दिवस काही आलं नाही. मी समजले, गेल्या.

गुरुजींना मी सगळं सांगत होते. त्या बंद केलेल्या तक्रारीचं ऐकून ते म्हणाले, "तुमी त्याला काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं.

"हे सगळं नियमाचं हाय. त्याला मराठी येत नाय, त्याला आपला नियम कळणार कसा? त्याला ऐकवा. कान तर असतीलच त्याला."

त्याच रविवारी आम्ही त्यांच्या अंगणात आवाज मुद्रित केला. शेजारी कुणीतरी जाळं दुरुस्त करत होतं आणि रेडिओ चालू होता. गुरुजींच्या बायकोने जाऊन तो बंद करायला लावला. गुरुजी वर्गात सांगावं तसं सावकाश म्हणाले, "दर्या." मग, "दऱ्या." पहिल्यात 'द'वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही. मग त्यांनी दोन वाक्यं म्हटली. बाप दर्यावर गेला. मुलं दऱ्या उतरून आली. मी त्याच्याखाली इंग्रजीत अर्थ लिहिला, पहिला समुद्र आहे, दुसऱ्या डोंगरातल्या दऱ्या. बोलणाऱ्याला दिसत नाही, तो फोनकडून ऐकतो, आणि नव्या आवृत्तीनंतर त्याचा फोन दोन्हींना समुद्र म्हणतो. रागाचं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते पाठवण्याआधी काढून टाकलं.

उत्तर यायला वेळ लागला, पण आलेलं उत्तर वेगळं होतं. त्याने लिहिलं होतं, मी दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा ऐकले. फरक ऐकू येतो. मी हे पॅकेज एकटाच सांभाळतो. त्या फटीबद्दल इतक्या पत्रांचा मारा झाला, की जे कळलं नाही ते मी बंद करत गेलो. सगळ्या भाषांचं मला ठरवता येणार नाही. तुम्ही बदल लिहून पाठवला आणि त्यातून लबाडीला वाट मिळणार नाही हे चाचण्यांनी दाखवलं, तर मी नक्की पाहीन.

ते वाचून माझा राग गेला. मलाही रविवारी सकाळी पत्रांचा ढीग पाहून तो न वाचता मिटवावासा वाटलेला आहे.

बदल लिहिणं मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. ते चिन्ह सरसकट ठेवलं तर फट पुन्हा उघडी. म्हणून नियम असा केला, की ते चिन्ह मराठीत जिथे खरोखर लागतं तिथेच, म्हणजे अर्ध्या 'र'नंतर आणि 'य' किंवा 'ह'च्या आधी राहील. इतर सगळीकडून जाईल. मी पाठवलं. त्याने प्रश्न विचारले, आणि प्रश्न चांगले होते. शब्दाच्या सुरुवातीला आलं तर? लागोपाठ दोन आली तर? त्यातल्या एकामुळे माझी खरोखर चूक सापडली. मी दुरुस्त केली. मग त्याने विचारलं, चाचणीसाठी आणखी शब्द आहेत का, हे फार थोडे आहेत.

आणि त्याच आठवड्यात विदर्भातल्या त्या बाईंचं पत्र आलं. त्या गेल्या नव्हत्या, शब्द गोळा करत होत्या. वाचनालयातल्या पुस्तकांतून, जुन्या दैनिकांतून त्यांनी पडदे भरतील इतके शब्द काढले होते. वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा, खोऱ्यात, नवऱ्याने. शिवाय प्रत्येक शब्द कुठल्या वाक्यात आला तेही होतं. खाली एक ओळ होती. आधीचं पत्र रागात लिहिलं होतं, राग अजून आहे, पण काम आवडलं.

मी ते शब्द चाचण्यांत घातले आणि पुढे पाठवले. काही दिवसांनी त्या माणसाने माझा बदल स्वीकारला. नव्या आवृत्तीच्या टिपेत त्याने लिहिलं होतं, मराठीतल्या समुद्रासाठी आणि दऱ्यांसाठी. मी ती ओळ गुरुजींना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी ती बायकोला सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं. आता दुसरं काय तरी बोला, जेवान थंड होतंय."

तरीही मी त्या दिवशी आमची नवी आवृत्ती लोकांसाठी सोडली नाही. आधी गुरुजींनी सगळे अंक ऐकले, विदर्भातल्या बाईंनी त्यांच्याकडच्या फाइली चालवल्या. दोघांनी ठीक म्हटल्यावर दोन आवृत्त्यांची एक केली आणि पहिल्या पानावरची ती सूचना काढली.

गुरुजींनी त्यानंतर वार्षिक अंक पुन्हा सुरू केला आहे. आता ते फोनला सांगतात, फोन लिहितो, आणि शुद्धलेखन त्यांचा एक जुना विद्यार्थी बघतो, जो आता स्वतः डोंगरातल्या शाळेत शिकवतो. पहिल्या अंकासाठी त्यांनी मला लेख मागितला. मी म्हटलं, मला लेख येत नाही. ते म्हणाले, "तुमी बोला, फोन लिहील." तो लेख मी दिला आणि त्यांनी त्यातली निम्मी वाक्यं कापली.

विदर्भातल्या त्या बाईंना मी विचारलं, की हे पॅकेज माझ्याबरोबर सांभाळाल का. त्यांना कोड फारसा येत नव्हता. हळूहळू त्या शिकल्या, आणि काही बाबतींत माझ्यापेक्षा धिम्या आहेत, जे या कामात चांगलं असतं. आमचे मतभेद होतात. मी म्हणते आता करूया, त्या म्हणतात थांबूया. आम्ही अजून एकमेकींना पाहिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला मी सांगलीकडे गेले होते. हळदीच्या गडबडीत फोनवर सूचना आली, आम्ही वापरतो त्या दुसऱ्या एका पॅकेजची मोठी नवी आवृत्ती निघाली होती. लोक विचारू लागले होते, तुम्ही कधी घेणार. मी ओल्या हळदीच्या हातांनी उत्तर लिहायला गेले, तर खाली त्या बाईंचं उत्तर आधीच होतं. काय बदललंय, आम्ही कशावर चालवून बघतो आहोत, आणि तोवर जुनं का चालेल, सगळं नीट लिहिलेलं. शेवटी होतं, माझ्या जोडीदार एका लग्नात आहेत, त्यांना त्रास देऊ नका.

बहिणीने विचारलं, "कुणाचं काय आलंय?"

"कामाचं होतं," मी म्हटलं. "झालं ते."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि हळदीची वाटी तिच्या हातातून घेतली.